मेट्रनबाईंची खुर्ची

खुर्ची मीच मागितली होती, हे आधी सांगून टाकते.

नाशिकच्या ज्या रुग्णालयात मी स्टाफ नर्स होते, तिथं दर महिन्याला कमिटी बसायची. डॉक्टर असत, भांडारवाले असत, बांधकामाचे ओव्हरसियरसुद्धा असत. झाडून साऱ्या नर्सेस जिच्या हाताखाली, ती मेट्रन तेवढी नसे. वॉर्ड कुठं हलवला हे तिला शिपाई सांगायचा! मी वस्तीतल्या चळवळीत वाढलेली. वडील स्टेन्सिल कापायचे, मी शाई लावायचे. पत्रक काढलं : ‘रुग्णाजवळ चोवीस तास कोण? निर्णयाच्या वेळी दाराबाहेर कोण?’ काळ्या फिती लावल्या. कमिटीत मेट्रनला खुर्ची मिळाली. फळ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘मागणी मान्य’.

मेट्रनबाई शरणपूरच्या, निवृत्तीला टेकलेल्या. म्हणाल्या, “पोरी, खुर्ची मिळवलीस खरी. तिच्यात बसायचं कसं, ते कोण शिकवणार?”

मी हसले. हसायला नको होतं.

पहिल्याच मीटिंगनंतर हुकूम आला : बाळंतिणींचा वॉर्ड वरच्या मजल्यावर, खाली रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांची नवी कचेरी. लिफ्ट नाही. वर नळाला पाणी चढत नाही. मी तरातरा मेट्रनबाईंकडे गेले.

“तुम्ही बोलला नाहीत?”

“बोलले की. पण सही आधीच झाली होती.”

तिथली रीतच तशी. चहाबरोबर क्लार्क वही फिरवायचा. कोऱ्या पानाच्या तळाशी सगळ्यांनी सही करायची, वरचा ठराव तो मागाहून सवडीनं लिहायचा. आणि नर्सची जन्माची सवय काय? ड्यूटीवर आलं की आधी सही. बाईंनी हजेरी समजून केली.

मी साहेबांच्या दारात उभी राहिले. त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. “‘सर्वानुमते’ लिहिलंय, सिस्टर. मेट्रन तुमची, सही तिची. काढा आता पत्रक. काय लिहाल?”

काय लिहिणार होते? आमच्याच बाईविरुद्ध?

वॉर्ड हलायच्या आत अजून एक मीटिंग होती. मी बाईंना बजावलं, “या खेपेला लिहून झाल्याशिवाय सही करायची नाही.” कागद द्यायच्या निमित्तानं मी व्हरांड्यात थांबले. आतून क्लार्कचा आवाज आला, “बाई, सही?” “शेवटी करीन.” मग बाई बोलल्या. अठ्ठावीस पायऱ्या, पोटाचे ओले टाके, बादल्यांनी वाहायचं पाणी, सगळं बोलल्या. कुणी अडवलं नाही. मी बाहेर उभ्या जागी मनात पत्रक छापून मोकळी झाले.

दोन दिवसांनी इतिवृत्त आलं : ‘मेट्रन – गैरहजर. मागील ठराव कायम.’

मी क्लार्कला गाठलं. “अहो, तुमच्यासमोर बसल्या होत्या ना त्या?”

“बसल्या होत्या की! चहा पाचच कप सांगितला होता, बाईंनी माझा घेतला.” तो हसत होता. “पण सही नाही म्हणजे हजर नाही, सिस्टर. नियम आहे.”

सही केली तर मान्य, नाही केली तर बाई तिथं नव्हत्याच. आणि हे दार ठोठावून उघडून घेतलं कुणी? मी!

सोमवारी वॉर्ड हलला. पेठकडची एक बाळंतीण होती, पोट कापून तिसरा दिवस. ती पायऱ्यांकडे बघत भिंतीला धरून उभी. स्ट्रेचर जिन्यात वळेना. मेट्रनबाई कमिटीच्या खोलीत गेल्या आणि खुर्ची ओढत बाहेर आल्या. “घ्या. माझीच आहे.”

चौघींनी खुर्ची उचलली. मागून बाई बाळ घेऊन चढत होत्या, दर दहा पायऱ्यांनी थांबत. वर टेकल्यावर त्या पोरीनं घाम पुसला आणि मला विचारलं,

“वर तं आणलंत, बाई. आता उतरायचं कसं?”

मेट्रनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. “सांग, पोरी,” म्हणाल्या.