मामा आणि पळून गेलेलं पाणी

समुद्रकाठच्या गावात राहून समुद्राकडं पाठ करून बसणारा माणूस अख्ख्या दुनियेत एकच, आमचा मामा! गेवराईकडचा, उमापूरचा. सगळा जन्म मेंढरांमागं गेला. मामी गेली, गुडघे बोलायला लागले, मेंढरं विकली आणि मामा घरात एकटा पडला. तेव्हा हट्टानं मी त्याला माझ्या नोकरीच्या गावी, गोव्याच्या हद्दीला टेकलेल्या या खाडीकाठी घेऊन आलो. आता याला कायमचं इथंच ठेवायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

पहिल्याच सकाळी मामानं घर डोक्यावर घेतलं. "ऊठ बे! पानी सोडलं कुनी तरी!" धावत जाऊन पाहतो तर ओहोटी लागलेली, खाडीत नुसता चिखल. मेंढरांना पाजायला आयुष्यभर कालव्याला पाणी सुटायची वाट पाहिलेला माणूस तो. त्याच्या लेखी पाणी आपणहून कधी जात नाही, कोणीतरी पळवतं. दुपारी भरती आली तरी पटेना. "कुनी तरी बोंब मारली आसंल, मनून गेट लावलं," म्हणाला.

त्या दिवसापासून मामानं समुद्राचं नाव टाकलं आणि डोंगर धरला. संध्याकाळ झाली की आम्ही दोघं गावामागच्या टेकड्या पालथ्या घालायचो. एवढ्या उकाड्यात याच्या खांद्यावर घोंगडी! पायवाट सोडून आडवातिडवा चालायचा आणि कंबरभर गवत दिसलं की हळहळायचा, "लई गवत हाय रं, खायाला कोन न्हाई." माथ्यावर हद्दीचा दगड आहे. त्याच्या दोन्ही अंगांचं गवत उपटून चाखलं आणि माझ्यावरच डाफरला, "चव एकच हाय. मंग हद्द कावून केली?" शिवाय दर वळणाला थांबून मागं बघायची खोड. मी म्हणायचो, "अरे मामा, मी इथं पुढं आहे!" तर म्हणे, "तुला न्हाई बघत. मागं राहिल्यालं बघतो." मागं अर्थातच काही नसायचं.

अशाच एका वळणावर तो खालीच बसला. "गावाकडं जातो. दारात दोन मेंढरं बांधीन. हितं माझ्या मागं कोन न्हाई." मी चिडलो, विनवण्या केल्या, गुडघ्यांची भीती घातली. ऐकेल तो मामा कसला! त्याला गाडीत बसवताना मला रडू आवरेना.

आता संध्याकाळी मी टेकडीवर असतानाच त्याचा फोन येतो. मेंढरांची खुशाली सांगून झाली की ठरलेला प्रश्न, "पानी आलं का वापस?"

परवा मी म्हणालो, "आलं, मामा. इथं गेलेलं पाणी रोज परत येतं."

पलीकडं एक मेंढरू ओरडलं. त्याला गप्प करून मामा हळूच म्हणाला, "मंग तू कवा येतूस?"