गुरुवारी वाघाची चाल

हजर माणसांवर लक्ष ठेवणारे लोक मी पुष्कळ पाहिले. पोलीस पाहिले, मुकादम पाहिले, परीक्षेतले पर्यवेक्षक पाहिले, वर्तमानपत्रात असताना दोन संपादकही पाहिले. पण गैरहजर माणसांवर तितक्याच चोखपणे लक्ष ठेवणारे गृहस्थ आयुष्यात एकच भेटले, आणि ते आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. चौतीस वर्षं त्यांनी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, काही लोक अध्यात्माकडे वळतात. हे आकुर्डीतल्या एका संस्थेच्या भेटीच्या खोलीत जाऊन बसू लागले. नवरा-बायको वेगळे झाले, मूल एकाकडे राहिलं, आणि दुसऱ्याला ते कुठं नि कसं भेटावं यावर एकमत होईना, की कोर्ट त्यांना अशा खोलीत पाठवतं. आठवड्यातून दोन तास, तिसऱ्या माणसाच्या समोर. तो तिसरा माणूस म्हणजे आमचे काका.

तिसऱ्या माणसानं असावं पण जाणवू नये, असा संस्थेचा नियम. काकांनी तो इतका मनावर घेतला की ते खरोखरच जाणवेनासे झाले. रबरी तळव्यांचे बूट, राखाडी शर्ट, राखाडी पँट आणि त्याच रंगाची भिंत. एक आजोबा नातीला भेटायला आले, त्यांनी आत येताच आपली टोपी काकांच्या गुडघ्यावर ठेवली आणि दोन तासांनी जाताना तिथूनच उचलली. काकांनी ही गोष्ट नोंदवहीत लिहिली, पण तक्रार म्हणून नव्हे. ही सवय त्यांनी घरीही आणली. जिन्यावरून खाली उतरताना मला वाटायचं पायरीवर कुणी नाही, आणि कानाशी आवाज यायचा, "आज डावा पाय जपून टाकताय." काकू म्हणतात, "आमच्यात भांडण झालं तरी हे कोपऱ्यात बसून बघत राहतात. भांडायला मला दुसरं माणूस बोलवावं लागेल." दाराबाहेरच्या पावलांवरून कोण आलं हे त्यांना कळतंच, पण घरून काय बोलून आलं हेही कळतं. ही विद्या कारखान्यातली आहे असं ते सांगतात. मशीन बिघडायच्या आधी आवाज बदलते, माणूसही.

पण अंगावर काटा आणणारी त्यांची खरी सवय वेगळीच होती. कारखान्यात हत्यारांच्या फळीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवलेली असते. पाना जागेवर नसला की पान्याच्या आकाराची मोकळी जागा दिसते, आणि काय हरवलंय ते लांबूनच कळतं. काकांनी हीच पद्धत भेटीच्या खोलीत चालवली. मूल घरी गेलं की ते खडूनं जमिनीवर त्याच्या खेळण्यांच्या रेषा काढत, वहीत माप घेत, सगळं त्या कुटुंबाच्या नावाच्या ट्रेमध्ये भरत, आणि पुढच्या भेटीआधी तेच सगळं केसभरही न हलवता पुन्हा मांडत. अर्धवट रचलेला मनोरा अर्धवटच. बाहुलीच्या अंगावरचं पांघरूण गुडघ्यापर्यंतच. आईनं टेकून ठेवलेल्या पर्सची रेषा, बापानं काढून ठेवलेल्या बुटांची रेषा. मुलं आठवड्यानं येत आणि गेल्या आठवड्यातच पाऊल टाकत. एका चार वर्षांच्या मुलानं त्यांना विचारलं होतं, "इथं रोज शनिवारच असतो का?" काकांनी विचार करून उत्तर दिलं, "नाही. गुरुवारी बंद असतं." मी एकदा सकाळी ती खोली पाहिली आहे. आत कुणीही नव्हतं. जमिनीवर पांढऱ्या रेषांच्या पावलांच्या सहा जोड्या होत्या, आणि प्लास्टिकच्या तीन कपांमध्ये चहा ओतायचा तेवढा राहिला होता. मी गुन्हेवार्ता आठ वर्षं केली आहे. तरी मी उंबऱ्यावरूनच परतले.

रविवारी सकाळी काका त्यांचे अहवाल घेऊन माझ्याकडे येत. नावांवर जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, म्हणजे गुप्तता राहावी. "तुम्ही पेपरातल्या," ते म्हणत, "एखादा शब्द जास्त झाला असेल तर काढा." काढायला कधीच काही नसे. 'वडील चार वेळा हसले. मुलगा एकदा. पाणी मागितले, प्यायला नाही.' माझ्या हाताखालच्या कोणत्याही बातमीदारानं असं लिहिलं असतं तर मी त्याला पहिल्या पानावर बसवलं असतं.

अशाच एका रविवारी 'मुलगी, वय आठ' माझ्या वाचनात आली. तिची आई हिंजवडीतल्या एका कंपनीत हाउसकीपिंगची सुपरवायझर, राहायला मारुंजीत. वडील भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये कंत्राटी कामगार. इथं राहणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. हिंजवडीची सुट्टी शनिवार-रविवार, भोसरीची गुरुवार. नऊ वर्षांच्या संसारात या जोडप्याला एकही समाईक सुट्टी मिळाली नव्हती. ताटातूट झाल्यावरही कोणाच्या ते लक्षात आलं नाही. भेटीचा वार ठरवताना शनिवार लिहिला गेला, कारण शनिवार सगळ्यांना बरा पडतो असं शनिवारी सुट्टी असलेल्यांना वाटतं. वडील पहिले दोन शनिवार खाडा करून आले. लेकीला त्यांनी आपल्या मावळातल्या गावचा वाघ-बकरीचा खेळ शिकवला. वाघ एक, नदीतला काळा गोटा. बकऱ्या पुष्कळ, चिंचोक्यांच्या. वाघ उडी मारून बकरी खातो, बकऱ्यांनी मिळून वाघाला कोंडायचं. तिसऱ्या शनिवारी ठेकेदारानं सांगितलं की आता खाडा झाला तर गेटवर पास मिळणार नाही. वार बदलून मागायचा तर कोर्टाची तारीख, आणि तारीख म्हणजे पुन्हा खाडा. ते यायचे थांबले.

आता काकांच्या नोंदी. तिसरा शनिवार: 'वडील गैरहजर. मुलीने आपली चाल केली. उरलेला वेळ पटाकडे पाहत बसली.' चौथा शनिवार: 'वडील गैरहजर. मुलगी पटाजवळ गेली. वाघ हललेला होता. मुलीने वाघ उचलून वास घेतला. मग बसली.'

मी वाक्य पुन्हा वाचलं. काकांना विचारलं की वाघ हलला कसा. ते म्हणाले, त्याचा अहवाल वेगळा आहे.

पाचव्या, सहाव्या, सातव्या शनिवारीही तेच. खुर्ची रिकामी, वाघ नव्या घरात. प्रत्येक वेळी मुलगी आधी वाघाचा वास घेई, मग आपली बकरी सरकवी, आणि घरी जाताना आईला सांगे, "बाबा येऊन गेला." आई नोंदवही पाही. वहीत 'गैरहजर'. बाई काही भित्री नव्हती, पन्नास बायकांची पाळी सांभाळणारी होती, पण नवव्या शनिवारी मुलीच्या मनगटात काळा दोरा आला. तिनं काकांना बाजूला घेऊन विचारलं, "काका, खरं सांगा. माझ्या पोरीशी खेळतंय कोण?" काकांनी सांगितलं की ते त्यांना फक्त कोर्टालाच सांगता येईल. एवढं भयंकर उत्तर इतक्या सौजन्यानं क्वचितच कुणी दिलं असेल. पुढच्याच आठवड्यात आईनं अर्ज केला: बाप येत नाही, दर शनिवारी पोरीला दोन बस बदलून रिकामी खुर्ची दाखवायला आणते, आणि आता पोरगी नसलेल्या माणसाशी बोलायला लागलीय. भेटी बंद कराव्यात. तिचं काही चुकत नव्हतं. कोर्टानं संस्थेकडे अहवाल मागवला.

त्याच सुमारास एका गुरुवारी काकू आजारी पडल्या, आणि काकांचा फोन लागेना, म्हणून मी आकुर्डीला गेले. गुरुवारी आपल्याकडे कारखाने थांबतात, आणि आठवडाभर आपण काय ऐकत होतो ते थांबल्यावर कानाला कळतं. वीजही नव्हती. संस्थेचा जिना अंधारा होता. दुसऱ्या मजल्यावर भेटीच्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं आणि आतून पुरुषाचा आवाज येत होता, हलका, लहान मुलाशी बोलतात तसा.

"तिकडनं न्हाई गं, हिकडनं ये. व्हय. आता बघ."

मग थांबणं. उत्तर ऐकायला लागतं तेवढं. मग हसणं, आणि पुन्हा, "बरं, मग शाळंत काय म्हनल्या बाई?"

मला वाटलं, मुलगी कपाटाआड असेल. मी दार ढकललं. मुलांच्या छोट्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीशी घेऊन एक माणूस बसला होता. हातात काळा गोटा, बोटांच्या पेरांत मशीनचं तेल मुरलेलं. समोरची खुर्ची रिकामी होती. जमिनीवर तिथं खडूनं दोन लहान पावलं काढली होती, आणि तो त्या पावलांच्या वर, आठ वर्षांच्या मुलीचं तोंड असेल तेवढ्या उंचीवर बघत होता. कोपऱ्यात काका लिहीत बसले होते. मला बसायला सांगायच्या आधी त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहून माझी वेळ नोंदवली.

परतीच्या रिक्षात त्यांनी सगळं सांगितलं. तो चौथ्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी आला होता. म्हणाला, पोरगी कुठं बसली होती तेवढं दाखवा, मी जातो. खोली बंद होती, पण मांडणी काका गुरुवारीच तपासत. त्यांनी दार उघडलं. त्यानं पट पाहिला. आपण आलो नाही तरी पोरीनं आपली चाल करून वाघाची पाळी ठेवलीय, हे त्याला दिसलं. त्यानं वाघ हलवला. तेव्हापासून ती शनिवारी खेळते, तो गुरुवारी. "दोघांची भेट होते," काका म्हणाले, "फक्त एका वेळी होत नाही."

रविवारी ते कोर्टाला द्यायचा अहवाल घेऊन आले. पहिल्या पानावर अकरा शनिवार, त्यांतले नऊ 'वडील गैरहजर'. दुसऱ्या पानावर गुरुवार, तारीखवार. 'वाघाला बकरी मारण्याची संधी होती. मारली नाही.' ही ओळ सात वेळा होती. शेवटच्या तीन शनिवारांसमोर: 'मुलीला वाघ कोंडण्याची संधी होती. बकरी मागे घेतली.' आणि तळाशी: 'बंद दिवशी, परवानगीशिवाय, दार मी उघडले.'

मी त्यांना सांगितलं की दुसरं पान कुणी मागितलेलं नाही. द्यायचंच तर शेवटचं वाक्य गाळा. फार तर 'दार उघडण्यात आले' असं लिहा, वर्तमानपत्रात आम्ही तसंच करतो.

"दार आपोआप उघडत नाही," काका म्हणाले.

"तुम्हाला काढतील, काका."

"काढायलाच पाहिजे." ते जरा खुशीतच दिसले. "तपासणीत सूट मिळाली तर माल खराब जातो."

संस्थेनं त्यांना शाल-श्रीफळ दिलं आणि किल्ली परत घेतली. खोलीतल्या रेषा पुसून फरशी धुतली. आईनं दुसरं पान दोनदा वाचलं, असं मला कळलं. एवढे गुरुवार मला कुणी सांगितलं का नाही, असं ती संस्थेच्या समुपदेशक बाईंना म्हणाली. मग म्हणाली, गुरुवारी पाच ते सात चालेल, मी ओव्हरटाइम घेणार नाही. कोर्टानं वार बदलला, आणि संस्थेनं त्या दोन तासांपुरती खोली गुरुवारीही उघडायचं ठरवलं.

पहिल्या गुरुवारी काका सकाळपासून कुठंच दिसत नव्हते, म्हणजे ते कुठंतरी बसलेले असणार. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर मी काकूंशी बोलत होते, तेव्हा भिंतीजवळून काकांचा फोन वाजला. नव्या पर्यवेक्षक ताईंचा होता, नोकरीचा पहिलाच आठवडा. त्यांना बाहेर येऊन बोलावं लागत होतं. दोघं आलेत, त्या म्हणाल्या. पट मांडलाय. पण पाऊण तास झाला, बाप बोलत नाही, पोरगी बोलत नाही. त्याला तिच्याकडे बघवत नाहीये. ती त्याच्या हाताकडे बघतेय. चालही कुणी करत नाही. काका, मी काय लिहू?

काकांनी समोर पाहिलं. रस्त्यावर कारखान्यांच्या बस आज रिकाम्याच उभ्या होत्या.

"दोघे हजर," ते म्हणाले. "एवढंच लिहा. आणि ताई, त्यांना घाई करू नका. दोघांना एकमेकांसमोर खेळायची सवय नाही."