एका पिंपातल्या समुद्रकाकड्या

मंदीच्या वर्षी आमची कंपनी दुबईजवळ समुद्रात भराव घालत होती. भराव पडण्याआधी तळावरचे जीव उचलून लांब नेऊन सोडायचे, अशी कामाची अट होती. मी प्राणिशास्त्र शिकलेला, म्हणून ते माझ्याकडे आलं. हाताखाली एकच माणूस, मालवणकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा.

तो पूर्वी ओमानच्या बोटीवर समुद्रकाकड्या, तळावर पडून असणारे काकडीसारखे मऊ जीव, गोळा करायचा. उथळ पाण्यात पाय घासत चालायचं, म्हणजे वाळूत दडलेलं, शेपटीच्या काट्यानं डसणारं पाकट आधीच पळतं. तळव्याला मऊ लागलं की वाकून उचलायचं. तिथे त्यांची पोटं चिरून, उकळून, मिठात घालून वाळवत. आम्हाला त्या जिवंत न्यायच्या होत्या.

त्या दिवशी मला शारजाला, अल नहदा भागातल्या माझ्या घरी, लवकर जायचं होतं. दोन फेऱ्यांचा माल मी एकाच पिंपात भरायला लावला.

"सायबानू, इतक्यो नको. पाणी तापला की आतडी ओकतल्यो."

"ओकू देत. काही आठवड्यांत नवी येतात. पुस्तकात आहे."

"तुमची काढून बघूया काय, किती दिसांत येतत ती?"

मी हसलो आणि झाकण लावायला सांगितलं.

पुस्तकातलं खरं होतं, पण ते थंड, स्वच्छ पाण्यातलं. तासाभरानं झाकण उघडलं तेव्हा पांढरट दोऱ्यांचा गुंता वर तरंगत होता. कातडीसुद्धा विरघळायला लागली होती. समुद्राच्या तळाची वाळू खाऊन ती साफ करणारे ते जीव. एकही वाचला नाही.

महिन्याभरात मंदीनं काम थंडावलं. दोघांतला एकच राहणार होता. नोकरी गेली तर व्हिसा जाणार, मुलीची शाळा अर्ध्यावर सुटणार. मॅनेजरनं आम्हा दोघांना समोर बसवून विचारलं, "पिंप भरण्याचं काम कोणाचं होतं?"

"यांचं," मी म्हणालो. काम त्याचंच होतं. हुकूम माझा होता, ते मी बोललो नाही. तोही बोलला नाही. आठवड्यात तो गावी गेला.

पुढे माझा पगार निम्मा झाला. मुलीच्या परीक्षेच्याही आधी, तिची शाळा अर्ध्यावर सोडवून, मी बायको-मुलीला पुण्याला पाठवलं आणि खोलीत एकटा राहू लागलो. सुट्टीच्या दिवशी दार वाजवणारं कोणी नसे. भाताचा कुकर लावायचो आणि तोच भात रात्रीही खायचो.

गेल्या वर्षी त्याचा नंबर मिळवला आणि फोनवर सगळं कबूल केलं.

"माका म्हायत होता," तो म्हणाला.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"माझी पोरां मोठी झाली होती, सायबानू. तुमचा चेडू शाळेत होता." मग त्यानं विचारलं, "शाळा थयच पुरी झाली मा तिची?"

"हो," मी म्हणालो. "तिथेच झाली."