जरा वर, उजेडात

"जरा वर धरा, उजेडात."

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत ज्यांच्या घरी केबल होती, त्यांनी हे वाक्य ऐकलंच असेल. नळाला गढूळ पाणी आलं की आमच्या केबल चॅनेलचा रिपोर्टर ते बाटलीत भरायला लावायचा. फ्रेम लागली का म्हणून माझ्याकडे एकदा बघायचा, दोन बोटांनी बाटली उजेडाकडे सरकवायचा आणि समोरच्या अधिकाऱ्याला विचारायचा, "साहेब, पिऊन दाखवता?" साहेबांना नेमका तेव्हाच महत्त्वाचा फोन यायचा.

मी त्याचा कॅमेरामन. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वर आमचं ऑफिस होतं. तिथे तो स्वतःला ब्युरो चीफ म्हणवून घ्यायचा. ब्युरोत आम्ही दोघंच असल्यामुळे तो नेमका कोणाचा चीफ, हे मी ओळखून होतो.

पुढे एका केमिकल कंपनीने त्याला प्रवक्ता म्हणून उचललं. जिच्या गेटवर त्याने कितीदा बाटली धरली, तीच कंपनी. त्याने टाय बांधला, अंबरनाथ पूर्वेला फ्लॅट घेतला. मी एकटा समोर उभा असलो तरी "मीडियातल्या मित्रांनो" म्हणायला लागला. कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर ठरलेलं: नमुने तपासणीला पाठवले आहेत. ते नमुने बहुधा पायी निघाले असावेत, कारण पोचल्याचं कधी ऐकलं नाही.

मग चामटोलीत एका विहिरीचं पाणी पिवळं झालं. चामटोली त्याचं गाव. तिथल्या बायका कंपनीच्या गेटवर आल्या, सगळ्यांत पुढे त्याची सख्खी आत्या. घरात दुसरं पाणी नव्हतं आणि कंपनी काही कबूल करत नव्हती. मी कॅमेरा लावला. दोन मॅनेजर मागे उभे असताना त्याने सांगून टाकलं की पाणी अगदी स्वच्छ आहे.

आत्याने बाटली पुढे केली. "मंग पिऊन दाखव. तूच शिकवलंस ना आमाला."

त्याने दोन बोटांनी ती सरकवली.

"आत्या, जरा वर धर, उजेडात."

पाणी हळदीसारखं पिवळंधमक दिसलं. संध्याकाळपर्यंत ती क्लिप घरोघरच्या मोबाइलवर होती आणि प्रवक्त्याची खुर्ची रिकामी होती. चार दिवसांत सरकारी माणसं खरोखरचे नमुने घेऊन गेली, गावात टँकर सुरू झाला. तो फ्लॅटला कुलूप लावून कुठे गेला, कोणालाच माहीत नाही. नंबर बंद आहे.

आत्या सांगते, पोराने मुद्दाम केलं. मी बारा वर्षं त्याच्याबरोबर काम केलंय. मला ती नुसती सवय वाटली होती, पण हे मी आत्याला कधी बोललो नाही. मला त्याची फार आठवण येते.

परवा ती क्लिप पुन्हा पाहिली. बाटलीला हात लावण्याआधी तो एकदा माझ्याकडे बघतो, फ्रेम लागली का म्हणून.