तिसरी किल्ली

आमच्या समोरचा कारकून दाराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो, गल्लीच्या तोंडापर्यंत जातो आणि चौथ्यांदा ओढायला परत येतो. घरात काय खजिना पुरलाय देव जाणे! असला भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कोणी हसलं की म्हणतो, "जमाना लय खराब हाय, सर." त्यातल्या 'खराब'वर असा जोर देतो, की आपणच त्याचं काही उचललंय असं वाटावं.

मागच्या महिन्यात त्यानं दाराचं कुलूपच बदललं. मिस्त्रीला बोलावलं नाही. मिस्त्रीला घरातलं सगळं कळतं म्हणे. अर्धा दिवस स्वतःच स्क्रू पिळत बसला आणि मग नव्या किल्ल्या मला मिरवून दाखवल्या. एक त्याची, एक बायकोची.

"आणि तिसरी आबांना?" मी विचारलं. आबा म्हणजे त्याचे वडील. घर त्यांनीच बांधलेलं.

"ती कपाटात ठेवली. आबांचं सोनपेठला, बहिणीकडं लय मन रमायलंय."

काल दुपारी आबा सोनपेठहून एसटीनं आले. घरात कोणी नव्हतं. पिशवी पायरीवर ठेवून ते जुनी किल्ली कुलपात घालत राहिले, काढून धोतराला पुसत राहिले, पुन्हा घालत राहिले. शेवटी माझ्या दारात आले आणि ओशाळं हसले.

"चाबी झिजली वाटते माझी, सर. जरा खोबरेल द्या."

आणि त्यांच्या पोराला भित्रा म्हणणाऱ्या मी मुकाट्यानं तेलाची बाटली आणून दिली.