आमच्या घरात पडलेला उंदीर

अनसूयाकाकू गेल्याची बातमी पौडहून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरने शाळेत आणून दिली. मी शिकवणं अर्ध्यावर सोडून निघाले. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, तुमच्या कोण लागत होत्या? मी म्हटलं, आई. माझी आई मी परकरी असतानाच गेली आणि आमच्या परसाला लागून जिचं परस, त्या काकूने मला वाढवलं, हे मुळशी खोऱ्यातल्या आमच्या गावात कुणीही सांगेल. मीही आजवर हेच सांगत आले. आता महिना होऊन गेला आणि तो ‘आई’ शब्द तोंडी येत नाही. तरी लिहायला बसले, कारण गप्प बसले तर सगळे पुन्हा तीच जुनी काकू सांगत राहतील.

आमचा मुलूख भाताचा, त्यामुळे उंदीर आमच्याकडे घरातल्यासारखेच. कणगीत, माळ्यावर, कौलांखाली त्यांचा राबता. सुगी सरली की कातकरी बाया बांधावरची बिळं खणायच्या आणि उंदरांनी साठवलेल्या लोंब्या पाटीत भरून न्यायच्या. त्यावर त्यांच्या घरची चूल पेटायची. माळ्यावर खुडबूड झाली की काकू उंदरांनाच दटावायची, “झोपा की रं आता.” भीती असायची ती मेलेल्या उंदराची. झोकांड्या खात, माणसाला न बिचकता एखादा उंदीर भरदिवसा कुणाच्या घरात येऊन पडला, की म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आठवायचा. मग त्या घराची कौलं उतरवायची, जमीन उकरून उन्हाला लावायची आणि माणसांनी रानात खोपट बांधून राहायचं. त्या घरच्या लग्नाच्या मुलीला मात्र कौलं परत चढली तरी कुणी विचारत नसे.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. पलीकडच्या खोऱ्यात उंदीर पडल्याची आवई उठली आणि पुण्याहून आलेली सरकारी माणसं घरोघर विषाच्या गोळ्या वाटून गेली. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या घेतल्या नाहीत. गोठ्यात वासरू होतं, ते कशाला तोंड लावील याचा नेम नव्हता. काकूने घेतल्या आणि कणगीभोवती टाकल्या. त्या उन्हाळ्यात दोन लग्नं ठरली होती. काकूची शांता आणि मी, दोघी एकाच वयाच्या, एकाच पाट्यावर हळद वाटत मोठ्या झालेल्या. मला उरवड्याचं स्थळ आलं होतं. मुलगा मी एकदाच पाहिला होता, पण आवडला होता हे आता या वयात सांगायला लाज कसली? काकू दोन्ही लग्नांच्या शेवया, पापड करत होती. “माज्या दोन पोरी येकदम निघाल्या,” असं येईल त्याला सांगायची.

एके सकाळी दळायला बसले, तर जात्यापाशी उंदीर मरून पडलेला. माझी किंकाळी ऐकून सगळ्यात आधी धावत आली ती काकूच. पौडहून अधिकारी आला, उंदीर डब्यात घालून पुण्याला तपासायला पाठवला आणि निकाल येईपर्यंत आम्हाला रानात राहायला सांगून गेला. भावकीने कौलं उतरवली. शांताला त्याच दिवशी मामाच्या गावी नेलं आणि तिचं लग्न तिकडेच उरकलं. उरवड्याहून निरोप आला, ज्या घरात उंदीर पडला तिथली मुलगी आम्हाला नको.

गाव आमच्या खोपटापासून लांबून जायचं. काकू तेवढी रोज भाकरी, कोरड्यास घेऊन सरळ आत यायची, माझ्या अंथरुणावर बसायची, माझं डोकं मांडीवर घ्यायची. दादा म्हणायचे, “वैनी, नका येत जाऊ. तुमाला काय झालं मंजी?” ती म्हणायची, “मला काय हुत न्हाई, भावजी.” तिची ही छाती पाहून मला वाटायचं, सख्खी आईसुद्धा इतकं करणार नाही.

मग पुण्याचा निकाल आला. उंदीर प्लेगचा नव्हताच. गोळ्या खाऊन मेला असेल, असं अधिकारी म्हणाला. दादा बुचकळ्यात पडले. “पन आपुन तर गोळ्या घेतल्याच न्हाईत,” म्हणाले, आणि मग स्वतःच म्हणाले, खातो एका घरी, मरतो दुसऱ्या घरी, उंदराचं काय सांगावं... तोवर उरवड्याच्या मुलाने दुसरीकडे बाशिंग बांधलं होतं.

पुढे आत्याने मला पुण्याला नेलं. शिकले, मास्तरीण झाले, लग्न राहिलं ते राहिलंच. सुटीत गावी गेले की काकू माझ्याकडे बघत म्हणायची, “तुजं लगीन राह्यलंच की गं,” आणि डोळ्यांना पदर लावायची. तिची समजूत मीच काढायची! अशी समजूत मी कितीदा काढली असेन, आठवलं की अंगाची लाही होते.

काकूच्या दहाव्याला मुळेच्या काठावर कावळा शिवेना. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, पण पिंडाकडे एकही फिरकेना. तिच्या मुलाने शेत विकणार नाही म्हणून सांगितलं, गाय सांभाळीन म्हणून सांगितलं, सुनेनेही काहीबाही कबूल केलं. ऊन चढत गेलं. तेव्हा शांताने मला बाभळीच्या आडोशाला नेलं.

“कुसुम, त्यो उंदीर आमच्या कणगीपाशी पडला व्हता. गोळ्या टाकल्या व्हत्या, तरी आईला वाटलं, गाठीचाच हाय. तिनं फडक्यात घिऊन तुमच्या जात्यापाशी ठिवला. जाताना म्हनली, कुसुमकडनं माफी माग.”

मला आधी कळेचना. मी एवढंच विचारलं, आमचंच घर का?

“तुमचं परसदार आईला उघडंच असायचं. आन्... तुला आई न्हवती. भांडाया कोन येनार व्हतं?”

“तुला कदी कळलं?”

“मामाच्या गावाला निगताना.”

म्हणजे हळद लागायच्या आधी. गेली कित्येक वर्षं दर भाऊबीजेला शांता माझ्या घरी फराळाला येत होती.

“येकदा म्हन, माफ केलं. मंजी कावळा शिवंल.”

मी तसं म्हटलं नाही. खोपटातल्या त्या भाकऱ्या आठवल्या. बिनघोर माझ्या अंथरुणावर बसायला तिला भीती कसली असणार? उंदीर तिच्या घरचा, आमचं घर स्वच्छ आहे हे साऱ्या गावात तिला एकटीलाच ठाऊक होतं. ज्या घरात रोग शिरलाय असं तिला वाटत होतं, त्याच घरात ती रात्री नवऱ्याशेजारी झोपत होती, हेही खरं. लेकीसाठी तिने जीव पणाला लावला असं कुणी म्हणेल. म्हणू दे. माझा जीव कुणाच्या खिजगणतीत होता?

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी जेवायला उठली. शांता रडत होती. तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला नाही.

शाळेत मुलींना मी अजून शिकवते, की माणसाच्या औषधांची परीक्षा आधी उंदरावर होते, आणि प्लेगात उंदीर बिचारा माणसाच्या आधी मरतो, रोग आणतात त्या त्याच्या अंगावरच्या पिसवा. परवा हे सांगताना आवाज चढला, मुली घाबरून बघायला लागल्या. काकू हयात असताना एकदा जरी म्हणाली असती, की पोरी, मी असं केलं, तर मी आकांत केला असता, वर्षभर बोलले नसते, आणि मग माफही केलं असतं. मी तिला ओळखते म्हणून सांगते, हे तिलाही माहीत होतं. तिने मला रागवायचीसुद्धा संधी दिली नाही... पिंडासमोर कावळ्याच्या धाकाने मागितलेली माफी मी देणार नाही.

केस बांधायला मला काकूने शिकवलं. मान खाली घालायची, पेड उजवीकडून पिळायचा, अंबाडा जरा डावीकडे घ्यायचा. महिनाभर आरशासमोर उभी राहून दुसऱ्या तऱ्हेने बांधून पाहते आहे. सुटतो. शाळेची वेळ होते, मग हात आपोआप उजवीकडून पीळ देतात, आणि मी तिचाच अंबाडा घालून घराबाहेर पडते.