सपान पडतं

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. घोटावड्याजवळच्या आमच्या शाळेत ती खिचडी शिजवायची आणि चित्रकलेच्या तासाला दाराशी येऊन उभी राहायची. मुलांच्या चित्राला बोट लावण्याआधी हात पदराला खसाखसा पुसायची.

त्या दिवशी मी चौथीच्या मुलांना सांगितलं, "झोपेत पडलेल्या स्वप्नात तुम्ही जसे दिसलात, तसं स्वतःचं चित्र काढा." एका मुलीनं म्हशीच्या पाठीवर उगवलेलं झाड काढलं. केसांच्या जागी पानं, आणि पानांत तिचाच चेहरा.

तपासणीला आलेल्या साहेबांनी ते उचललं. "हे कसलं स्वप्न? डॉक्टर, पोलीस, काहीतरी व्हायचं असेल ना हिला?" आणि लाल पेनानं फुली मारली. थेट पोरीच्या चेहऱ्यावर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी मी साहेबांपुढं पुढचं चित्र सरकवलं.

दाराशी उभी असलेली ती बाई मात्र हात पुसत पुढं आली. "सायेब, सपान पडतं. ते काय ठरवून पडतं व्हय? तुमाला पडत न्हाई का?"

साहेब हसले आणि वहीत शेरा मारून गेले: मुलांना ध्येय नाही.

मुलगी नवा कागद मागायला आली. "सर, पोलिसाचा रंग कुठला?"

साहेबांपेक्षा मला माझीच चीड आली. मागं वळलो, तर ती बाई खिचडीतली चार शितं बोटावर घेऊन फुली मारलेलं चित्र स्वयंपाकखोलीच्या दारावर चिकटवत होती.

"आता हितं येऊन मारा म्हनावं फुली."